कुठल्याही नावाला ओ

"रुसलेल्या नवरीचं झाड कुठे आलं हो?"

पांढऱ्या गाडीच्या काचेतून डोकं बाहेर काढून एका माणसानं मला विचारलं. मी वाचनालयाच्या पायरीवर कुलूप उघडत उभी होते. किल्ली तशीच हातात राहिली.

"काय म्हणालात?"

"रुसलेल्या नवरीचं झाड. तुमच्या देवराईत आहे म्हणे." माणूस सभ्य होता. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. मागच्या सीटवर हाताएवढं लांब काहीतरी जाड कापडात गुंडाळून ठेवलेलं. कॅमेऱ्याचं भिंग असणार.

"असं झाड मला माहीत नाही," मी म्हटलं. "इथे सगळी साधीच झाडं आहेत."

तो हसला. "राहू दे बाई, शोधतो."

गाडी देवळाच्या वाटेनं गेली, आणि मी कुलूप न उघडताच पायरीवर बसले. त्या झाडाला गावात कुणी त्या नावानं ओळखत नव्हतं. गावाच्या लेखी तो देवराईतला जुना बेहडा. ‘रुसलेली नवरी’ हे नाव माझ्या वर्गातल्या मुलांनी ठेवलेलं, आणि ते वाचनालयाच्या मागच्या खोलीबाहेर कधीच गेलं नव्हतं. निदान तोवर मी तसं समजत होते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांचा संगणकवर्ग चालवत असे. जुने, दान मिळालेले संगणक आणि शिकायला उतावीळ मुलं. त्या वर्षी आम्ही गावच्या पक्ष्यांचं संकेतस्थळ बनवत होतो. महेंद्र गोताड नावाचा माझा जुना विद्यार्थी आता निसर्गमंडळाचं काम करायचा, तो मदतीला येई. मुलांचा तो महेंद्रदादा.

बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली होती. धनेशाची रीत वेगळी. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. फक्त एक उभी फट ठेवते. पुढे पिल्लं मोठी होईपर्यंत नरानं फळं आणून त्या फटीतून भरवायची. नर बिचकला आणि यायचा थांबला, तर आतले सगळे उपाशी मरतात. आदल्या साली खालच्या वाडीत तसंच झालं होतं. फोटो काढणाऱ्यांनी ढोलीसमोर तंबू ठोकला, नर फिरकेनासा झाला. महेंद्रनं नंतर ती ढोली उघडून पाहिली होती. काय दिसलं ते त्यानं मुलांना सांगितलं नाही, मला सांगितलं.

म्हणून या वर्षी झाडाचा पत्ता गुपित होता. मुलांनी नकाशा काढला होता, पण तो फक्त वर्गातल्या कोपऱ्यातल्या संगणकात. पानं तयार होत असताना तो संगणक ती आपली आपल्यालाच दाखवतो. इंटरनेटवर काही गेलेलं नसतं. नकाशावर सुमेधनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘कच्चं काम. कुणाला दाखवू नये.’

महेंद्र आला तसं मी त्याला गाडीचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"हेच नाव घेतलं? नक्की?"

"कान शाबूत आहेत माझे."

"मग कुणीतरी फोडलं, बाई." तो खोलीभर येरझारा घालू लागला. "आणि कुणी ते सांगायला ज्योतिषी नको. दिनकर पाष्टेची जीप कुणाला फिरवते? पर्यटकांना. आणि त्याची पुतणी कुठे बसते? त्या कोपऱ्यातल्या संगणकावर."

शलाका पाष्टे. आठवीतली, बारकी, मनगटात नेहमी रबर अडकवलेली. नकाशाचं बहुतेक काम तिचंच होतं. आईवडील मुंबईला, ती काका-काकूंकडे राहायची.

"पुरावा?" मी विचारलं.

"पुरावा गाडीत बसून देवराईत गेलाय."

संध्याकाळच्या वर्गात मी काही बोलले नाही, तरी मुलांना वास लागला. लहान गावात तो लागतोच. शलाका आली तशी मुक्तानं आपली खुर्ची थोडी सरकवून घेतली. सुमेध, ज्याचं तोंड एरवी क्षणभर बंद नसायचं, तो भिंतीकडे बघत बसला. शलाकानं नकाशा उघडला, आणि खोलीतले सगळे डोळे तिच्या बोटांवर गेले. तिनं ते पाहिलं आणि हात मांडीवर घेतले.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

महेंद्रला राहवेना. "काकाला झाडाचं सांगितलंस का?"

"नाही."

"नकाशा दाखवलास? मोबाइलवर फोटो काढून?"

"माझ्याकडे मोबाइल नाही, दादा."

"काकाकडे आहे ना."

शलाका माझ्याकडे वळली. नुकताच लागलेला चष्मा तिच्या नाकावरून घसरत होता, तो तिनं वर सारला. "बाई, मी नाही सांगितलं."

"बस तू. काम कर," मी म्हटलं.

पण ती बसली नाही. दप्तर उचललं आणि चपला हातात घेऊनच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी देवराईच्या तोंडाशी आणखी एक गाडी उभी होती. महेंद्र सकाळपासून झाडाजवळ दबा धरून बसला होता. त्यानं येऊन सांगितलं की नर आला, चोचीत फळं घेऊन वर घिरट्या घातल्या आणि न बसताच निघून गेला. खाली टोपीवाला मोबाइलवर धनेशाच्या नराची साद वाजवत होता, मादीनं बाहेर डोकावावं म्हणून.

"डोकावली?"

"फटीत हललीसुद्धा नाही. पण नर बिचकलाय, बाई. असंच चाललं तर..." पुढचं सोडून तो भलतंच बोलला. "त्या पोरीचं नाव वर्गातून काढा. बाकीच्यांना धाक बसेल."

"कशाचा धाक? काय केलं की काय होतं, हे आधी कळू दे."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. दिनकर पाष्टे आत आला तो थेट टेबलाशी. मागून शलाका, खाली मान घालून.

"काय ओ बाई, माझ्या पोरीला चोर ठरवलंत? रात्रभर जेवली नाय ती!"

"बसा दिनकरभाऊ."

"बसायला नाय आलो. मी जीप चालवतो, गिऱ्हाइकं फिरवतो, पण देवराईत गाडी घातली का कधी? विचारा ह्या शहाण्याला!" त्यानं महेंद्रकडे हात केला. मग खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. "त्या टोपीवाल्याला मीच गाठला आज. म्हटलं, नाव कुणी सांगितलं तुला? तो म्हणतो, नेटवर आहे की. हे बघा. त्यानं दाखवलं त्याचा फोटो काढून आणलाय."

मी चष्मा लावला. कुठलंतरी अनोळखी संकेतस्थळ होतं. एका बाजूला केस वाढवायच्या तेलाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला झटपट कर्जाची, आणि मधोमध आमचा नकाशा. झाड, ओढा, कडेला धनेशाच्या मादीचा फोटो, मुलांनी ठेवलेली सगळी नावं. आणि वर सुमेधनं लिहिलेली ती मोठी अक्षरं, ‘कच्चं काम. कुणाला दाखवू नये.’

मुलं भोवती गोळा झाली. मग सुमेध चोरट्या आवाजात म्हणाला, "बाई, मिशा."

"कसल्या मिशा?"

"मादीला मिशा आहेत."

खरंच होत्या. फोटोतल्या मादीला कुणीतरी झुपकेदार मिशा चिकटवल्या होत्या. मला आठवलं. ती सुमेधचीच करामत. एके दिवशी वर्ग सुरू होताना त्यानं मिशा लावल्या, सगळा वर्ग खिदळला, आणि वर्ग सुटायच्या आत मी त्याला त्या काढायला लावल्या. पुन्हा कधी आल्या नव्हत्या.

"त्या दिवशी शलाका कुठे होती?" मी विचारलं.

"रत्नागिरीला," मुक्ता हळूच म्हणाली. "चष्म्याला गेली होती. तिनं मिशा पाहिल्याच नाहीत. आम्ही तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं."

दिनकरनं मोबाइल खिशात टाकला. "बस झालं?" महेंद्रकडे न बघता त्यानं शलाकाचा हात धरला आणि दोघं गेली.

ती सुटली, म्हणून खोलीतला संशय संपला नाही. उलट तो आता मोकळा झाला. मिशा पाहिलेलं प्रत्येक पोर संशयित. मुक्ता म्हणाली, सुमेधच सगळीकडे बढाया मारत असतो. सुमेध म्हणाला, मुक्ताच्या मामाचं सायबर कॅफे आहे. महेंद्र एकेकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होता. मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि पुण्याला आसावरीला फोन लावला. माझीच विद्यार्थिनी, आता संकेतस्थळं बनवण्याच्याच कामात.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, पानं बनवताना त्या संगणकावर दुसरं काही उघडं असतं का?"

"पाखरांच्या आवाजाचं एक फुकटचं संकेतस्थळ. मुलं आवाज ताडून बघतात. दिवसभर उघडंच."

"आणि तुमचा सर्व्हर, म्हणजे पानं दाखवणारा तो कोपऱ्यातला संगणक, नाव बघतो का? म्हणजे कुठल्या नावानं हाक आली, ते?"

मला आठवलं, नावाचा एक मोठा तंटा आमच्याकडे होऊन गेला होता. बाकीच्या संगणकांवरून नकाशा उघडायचा, तर कोपऱ्यातल्या संगणकाला नाव हवं. सुमेध त्याला ढब्बू म्हणे, मुक्ता सरपंच, शलाका काळूराम. ज्याचं नाव लागलं नाही ते पोर रुसायचं. शिवाय सर्व्हर कुठलंच नाव घेईना. ‘या नावाला परवानगी नाही’ अशी पाटी पुढे करायचा. शेवटी महेंद्रनं त्याच्या मांडणीत एक ओळ घातली आणि भांडण मिटवलं. कुठल्याही नावानं हाक मारा, हा ओ देईल. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आसावरी समजावत गेली, मी प्रश्न विचारत गेले. फोन ठेवला तेव्हा मला उमगलं होतं. पण मला उमगून भागणार नव्हतं.

सकाळी मी स्वतः पाष्ट्यांच्या घरी गेले. शलाका अंगणात कोकमं वाळत घालत होती.

"चल. मला एक संगणक हवाय."

"कुठला, बाई?"

"तूच."

दिनकर दारात उभा होता. "पुन्हा तिला कुणी काही बोललं तर?"

"तुम्हीही चला. बोललं कुणी, तर तुम्ही बघून घ्या."

वाचनालयाच्या पडवीत सगळे जमले. मी शलाकाला आतल्या खोलीत, दाराआड बसवलं. हातात नकाशाचा कागद दिला. "तू आपला कोपऱ्यातला संगणक. मुक्ता, तू पाखरांच्या आवाजाचं संकेतस्थळ. तुझं नाव पाखरवाणी. जा, त्या चिंचेखाली उभी राहा. सुमेध, तू ब्राउझर. निरोप नेणारा, आणणारा."

"ब्राउझर कसा चालतो?" असं म्हणून सुमेध ताठ चालून दाखवू लागला.

"नियम ऐक आधी. एका घरचा माल दुसऱ्या घरी द्यायचा नाही. पाखरवाणीकडून आणलेलं पाखरवाणीलाच. आता जा आणि तिच्याकडून आवाज माग."

सुमेध चिंचेपाशी गेला. मी मुक्ताच्या कानात सांगून ठेवलं होतं. तिनं कोकिळेचा आवाज काढला, तो बरा होता. मग म्हणाली, "हा घे. उरलेले आवाज माझ्या घरून आण. पण माझं बिऱ्हाड हललंय बरं का."

"कुठे?"

मुक्तानं हात लांब करून शलाकाचं दार दाखवलं. "तिथे. आता तोच माझा पत्ता."

"पण ते तर..." सुमेधनं माझ्याकडे पाहिलं.

"तू ब्राउझर आहेस. तुला पत्ता मिळाला की तू जातोस."

तो दाराशी आला. दार वाजवलं. "पाखरवाणी आहे का घरात?"

दार किलकिलं झालं आणि शलाकाचा चष्मा दिसला. ती माझ्याकडे नाही, महेंद्रकडे बघत होती.

"ओ देऊ?" तिनं विचारलं. "दादांनी सांगितलंय ना, कुठल्याही नावाला ओ द्यायची."

महेंद्रनं हाताची घडी घातली.

"ओ," शलाका म्हणाली आणि नकाशा सुमेधच्या हातात ठेवला.

सुमेध तो घेऊन पडवी ओलांडून गेला आणि चिंचेखाली मुक्ताला देऊन टाकला. दिला आणि जागच्या जागी थांबला. "अरे! पण मी नियम मोडला नाही, बाई! मी पाखरवाणीचंच घर समजून आणलं, आणि पाखरवाणीलाच दिलं!"

"नाही मोडलास. कुणीच मोडला नाही."

"मग चोरी झाली कशी?" दिनकरनं विचारलं.

"दाराशी आलेल्यानं दुसऱ्याचं नाव घेतलं, आणि आतल्यानं ते नाव आपलं आहे का, हे पाहिलं नाही. म्हणून."

"हे खेळात ठीक आहे," महेंद्र कोरड्या आवाजात म्हणाला. "संगणक असं करतो कशावरून?"

मी त्याचीच वाट बघत होते. आम्ही आत गेलो. आसावरीनं सांगितलं तसं मी कोपऱ्यातल्या संगणकाला पढवून ठेवलं होतं, की ‘चोरबाजार’ या नावाचा पत्ता म्हणजे तू स्वतःच. दूरच्या संकेतस्थळानं लबाडीनं जे केलं, ते मी हातानं केलं होतं.

"महेंद्र, तूच टाइप कर. चोरबाजार."

त्यानं एका बोटानं टाइप केलं. कळ दाबली. नकाशा उघडला. ओढा, पायवाट, रुसलेल्या नवरीचं झाड.

"प्रत्येक मागणीवर नाव असतं," मी म्हटलं. "कुणाला भेटायचंय त्याचं. त्याला होस्ट म्हणतात. सर्व्हरनं ते वाचायचं आणि आपलं नसेल तर दार लावायचं. आपला सर्व्हर ते वाचतच होता. आपणच त्याला सांगितलं, वाचू नकोस."

"मी सांगितलं," महेंद्र म्हणाला. "तुम्ही भांडत होतात म्हणून..." तो शलाकाकडे वळला. "माझं चुकलं. ओळीबद्दल नाही नुसतं."

शलाकानं मनगटातलं रबर ओढून सोडलं.

"आता ती ओळ पुसायची," मी म्हटलं, "आणि एकच नाव लिहायचं. कुठलं?"

एरवी इथे धुमश्चक्री झाली असती. "शलाका ठरवेल," सुमेध म्हणाला. मुक्तानं खुर्ची ओढून शलाकाच्या मागे धरली.

शलाकानं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, ‘सरपंच’. मुक्ताचं नाव. मुक्ताला लाजून कुठे बघावं कळेना. मग पुन्हा चोरबाजार टाइप केलं. पडद्यावर ती जुनी पाटी आली, या नावाला परवानगी नाही. ज्या पाटीला मुलं वैतागली होती, तिच्यासाठी आता त्यांनी असा जल्लोष केला की पुढच्या खोलीतले वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे उठून बघायला आले.

पण नकाशा गेला तो गेलाच होता. पाखरांच्या आवाजाच्या त्या फुकट संकेतस्थळानं तो जाहिरातींनी भरलेल्या ज्या पानावर टाकला होता, ते पान उतरवायला आसावरी खटपट करत राहिली. देवराईचं आम्हालाच बघायचं होतं. त्या दुपारी दिनकरनं आपली जीप देवराईच्या वाटेवर आडवी लावली आणि बॉनेटवर बसून राहिला. टोपीवाला आला, तेव्हा त्याच्याशी महेंद्र बोलला. आदल्या सालची ती ढोली उघडल्यावर काय दिसलं होतं, ते त्यानं मुलांसमोर पहिल्यांदाच सांगितलं. माणसानं ऐकून घेतलं, टोपी काढली आणि गाडी वळवली. सगळे काही त्याच्यासारखे नव्हते. पण जीप मोठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही झाडापासून लांब, करवंदीच्या जाळीमागे बसलो होतो. मी, महेंद्र आणि शलाका. नर अजून आला नव्हता. आदल्या दिवशी तो एकदाही उतरला नव्हता, आणि फटीतून काही हालचाल दिसत नव्हती. महेंद्र नखं कुरतडत होता. मला त्याच्या तोंडावर ती खालच्या वाडीची ढोली दिसत होती.

रानात कुठेतरी फांदी मोडली. एक माकड बेहड्यावर चढलं, ढोलीपाशी जाऊन फटीत बोट घालायला लागलं. आतून काही नाही. त्यानं खरवडून पाहिलं, कंटाळलं, गेलं.

"आहे ना हो आत?" महेंद्र पुटपुटला. "जिवंत?"

मग वरून पंखांचा तो जड, फुसफुस आवाज आला. नर झाडाच्या शेंड्यावर बसला, मान वाकडी करून खाली बघत राहिला. फार वेळ. तो एक फांदी खाली आला. पुन्हा एक. मग ढोलीच्या कडेला लटकला आणि चोचीनं लिंपणावर हलकेच टकटक केली.

फटीतून पिवळी चोच बाहेर आली. एक फळ गेलं, दुसरं गेलं. आतून पिल्लाची चिरकी ओरड ऐकू आली, आणि महेंद्रनं डोळे पुसले, करवंदीचा काटा लागल्यासारखं दाखवत.

शलाकानं चष्मा वर सारला.

"दादा," ती त्याच्या कानाशी कुजबुजली. खेळातला प्रश्न वगळला, तर वर्ग सोडून गेल्यापासून त्याच्याशी बोललेलं तिचं हे पहिलंच वाक्य. "तुम्ही जाऊन त्या नवरीला सांगा ना. म्हणावं, कुठल्याही नावाला ओ दे."

महेंद्रला इतक्या जोरात हसू आलं, की तोंडात रुमाल कोंबावा लागला.